कॅथरीन मॅककॉर्मिक : गोळीचे पैसे कुणी दिले?

खिडकीची_जागा

बाजूच्या धाग्यावर गर्भनिरोधक गोळीचा शोध नक्की कुणी लावला यावर हमरीतुमरी चाललीय. पिंकस झाले, रॉक झाले, जेरासी झाले, सगळ्यांची नावं येऊन गेली पण पैसे कुणाचे होते हे एकानंही लिहिलं नाही. सरकारचे नव्हते. रॉकफेलर, फोर्ड वगैरे बड्या फाउंडेशनांचेही नव्हते. जवळजवळ सगळे एका म्हाताऱ्या बाईच्या खात्यातून आले, कॅथरीन डेक्स्टर मॅककॉर्मिक. तिकडं लिहिलं असतं तर भांडणात वाहून गेलं असतं म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

जन्म १८७५, मिशिगनमधलं डेक्स्टर गाव. गावाचं नाव आणि बाईचं माहेरचं आडनाव एकच, यावरून घराणं कळावं. वडील शिकागोतले बडे वकील, ती १४ वर्षांची असताना गेले. चार वर्षांनी मोठा भाऊ मेंदूज्वरानं गेला, तोही पंचविशीत. राहिल्या दोघी, आई आणि ही, आणि पैसा भरपूर. अशा घरच्या मुलीनं तेव्हा करायचं काम म्हणजे चांगलं स्थळ बघणं, हिनं एमआयटीत नाव घातलं (पुण्यातलं नव्हे, बोस्टनचं). आधी तीन वर्षं स्पेशल स्टुडंट म्हणून कच्चे विषय भरून काढले, मग रीतसर प्रवेश, १९०४ मध्ये जीवशास्त्राची पदवी. प्रबंध कशावर, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या थकव्यावर. तिथं बायकांनी हॅट घालायचा नियम होता, तर हिचं म्हणणं की प्रयोगशाळेत पिसांची हॅट घालून ज्योतीसमोर उभं राहणं म्हणजे आगीला आमंत्रण, मी नाही घालणार.

त्याच वर्षी लग्न. नवरा स्टॅन्ली मॅककॉर्मिक, म्हणजे ज्या सायरस मॅककॉर्मिकनं कापणीयंत्राचा धंदा उभा केला त्याचा धाकटा मुलगा. देखणा, चित्रकलेची आवड, टेनिस उत्तम. लग्न स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या प्रांजांच्या वाड्यात झालं, तो वाडा हिच्या आईचा. आणि दोन वर्षांत सगळं कोसळलं. १९०६ मध्ये स्टॅन्लीला वेड लागलं, आजच्या भाषेत स्किझोफ्रेनिया. त्याच्या एका बहिणीलाही आधी हेच झालेलं. आधी बोस्टनजवळच्या मॅकलीन हॉस्पिटलात, मग कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ रिव्हन रॉक नावाच्या घरच्या इस्टेटीवर, नर्स, डॉक्टर, माळी, बँड, सगळा लवाजमा. बायका दिसल्या की तो हिंसक होतो म्हणून डॉक्टरांनी बाईमाणूस नजरेसच पडू द्यायचं नाही असं ठरवलं, त्यात बायकोही आली. सुमारे २० वर्षं तिला नवऱ्यासमोर जाऊ दिलं नाही. फोन, पत्रं. ती तिथं जायची आणि झुडपाआडून दुर्बिणीतून त्याला बघायची.

घटस्फोट घे असं सासरच्यांनी सुचवून झालं, तिनं घेतला नाही. उलट सासर विरुद्ध सून असा खटलाच उभा राहिला, नवऱ्यावर उपचार कोणते करायचे यावर. सासरच्यांचा भर मनोविश्लेषणावर, महिन्याला १० हजार डॉलर घेणारा डॉक्टर ठेवलेला (हो, १९२० च्या दशकातले १० हजार!). हिचं मत असं की रोग शरीरात आहे, ग्रंथींच्या स्रावात गडबड आहे. ते म्हणणं टिकलं नाही ही गोष्ट वेगळी, पण त्यापायी तिनं १९२७ मध्ये हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये अंतःस्राव आणि मनोविकार यांच्या संशोधनासाठी फाउंडेशन काढून दिलं आणि वाचून वाचून हार्मोन्सचा विषय स्वतः पक्का केला. हे पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा. आजार आनुवंशिक असेल या धास्तीनं मूल होऊ द्यायचं नाही असंही तिनं ठरवलं होतं असं चरित्रकार लिहितात.

दरम्यान बायकांच्या मताधिकाराची चळवळ. राष्ट्रीय संघटनेची खजिनदार, मग उपाध्यक्ष, चळवळीच्या साप्ताहिकाचा तोटा हिच्या खिशातून. १९१७ च्या सुमारास संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगरशी ओळख झाली. अमेरिकेत १८७३ चा कॉमस्टॉक कायदा होता, संततिनियमनाची साधनंच काय त्याची माहिती पोस्टानं पाठवणंही गुन्हा. सँगरनं १९२३ मध्ये न्यूयॉर्कला दवाखाना काढला पण डायफ्रॅम (गर्भ राहू नये म्हणून बाईनं आत बसवायची रबरी टोपी) आणायचे कुठून? तर कॅथरीनबाई उन्हाळ्यात युरोपात गेल्या, शास्त्रज्ञ आहोत असं भासवून कंपन्यांकडून डायफ्रॅम मागवले, ते प्रांजांच्या वाड्यावर आले, मग शिंपिणी बसवून नव्या कोऱ्या ड्रेसांच्या, कोटांच्या अस्तरात शिवून घेतले. ट्रंका भरल्या आणि कस्टममधून खानदानी बाईच्या ऐटीत सामान बाहेर. अशा खेपांमधून हजाराच्या वर डायफ्रॅम आले. तुरुंगात जायची पाळी आली असती. मला विचाराल तर पुढच्या लाखो डॉलरपेक्षा ही देणगी मोठी.

१९४७ मध्ये स्टॅन्ली वारला. साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास इस्टेट तिच्या नावावर, पण वारसा कर आणि कज्जे मिटवण्यात पाच वर्षं गेली. म्हणजे बघा, जन्मापासून श्रीमंत असलेल्या या बाईला हवे तसे पैसे खर्च करायची मोकळीक मिळाली ती पंचाहत्तरी उलटल्यावर. १९५० मध्ये तिनं सँगरला पत्र लिहून दोनच प्रश्न विचारले, सगळ्यात जास्त पैशाची गरज कुठं आहे आणि संशोधनाची स्थिती काय. सँगरनं तिला ग्रेगरी पिंकसकडं नेलं. हा सशाच्या मादीच्या बीजांडावर प्रयोग करणारा हुशार माणूस, वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरवलं, हार्वर्डनं कायम केलं नाही, मग मित्राबरोबर वूस्टर फाउंडेशन नावाची संस्था काढून देणग्या गोळा करत तगून होता. त्याच्याकडचा चांग नावाचा चिनी संशोधक सुरुवातीला प्रयोगशाळेतच झोपायचा. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दिलं तर बीजांड सुटत नाही हे सशांवर त्यांनी दाखवलं होतं, पण सर्ल या औषध कंपनीनं गर्भनिरोधकात पडायला नकार दिलेला आणि प्लॅन्ड पॅरेंटहूड या कुटुंबनियोजनाच्या संस्थेकडून मिळत होतं ते किरकोळ.

८ जून १९५३. ७७ वर्षांची उंच, जुन्या फॅशनचे लांब कपडे घातलेली बाई वूस्टरजवळ श्रूसबरीत प्रयोगशाळा बघायला गेली, प्रश्न विचारले, आणि ४० हजार डॉलरचा शब्द देऊन बाहेर पडली. नंतर आकडा वर्षाला लाख, दीड लाख असा चढत गेला, एकूण सुमारे २० लाख डॉलर. आणि नुसते पैसे देऊन स्वस्थ बसली नाही, कॅलिफोर्नियातून मुक्काम बोस्टनला हलवला, पिंकस आणि डॉ. जॉन रॉक यांच्याकडं सारख्या चकरा, कुठवर आलं, का अडलं, आणखी काय लागेल. सात वर्षांत, १९६० मध्ये गोळीला परवानगी. बाई तेव्हा ८४.

१९६७ च्या डिसेंबरात गेली. मृत्युलेखांत गोळीचा उल्लेख शोधून काढावा लागतो. माझं म्हणणं एवढंच की चेकवर सही करणारे पुष्कळ असतात, पण कशासाठी सही करतोय हे कळणारी, त्यातलं शास्त्र समजणारी आणि शेवटपर्यंत पाठीला लागणारी अशी देणगीदार मला तरी दुसरी माहीत नाही. तुमचं काय मत?

मटकी_उसळ

बापरे काय आयुष्य आहे. डायफ्रॅमच्या ट्रंकांवर वेगळी सिरीज निघेल. कोटाच्या अस्तरात सोनं शिवून आणणारे ऐकले होते, हे पहिल्यांदाच.

बांधावरचा

मॅककॉर्मिक म्हणजे तेच ना ज्यांची पुढं इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली? १९०२ मध्ये त्यांची आणि डीअरिंगची अशा कंपन्या एकत्र करून ती बनली. आमच्याकडं त्याच घराण्याची यंत्रं आली की, महिंद्रानं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत मुंबईला ट्रॅक्टर काढायला घेतले, बी-२७५. विदर्भ मराठवाड्यात म्हातारी माणसं अजून त्याला नुसतं 'इंटरनॅशनल' म्हणतात. चुलत्याकडं होता, धूर सोडायचा पण बंद पडायचा नाही. त्या कारखान्याच्या पैशातून गोळी निघाली हे आज कळलं, चुलत्याला सांगतो, त्याला सहा पोरं.

मटकी_उसळ

@बांधावरचा 😂😂 सहा!

रिकामा_डबा

लेख चांगला आहे पण थोडं थंड पाणी ओततो. हे सगळं एका श्रीमंत बाईच्या मर्जीवर चाललं होतं. तिला वाटलं म्हणून गोळी, उद्या तिला वाटलं असतं की सगळं धन मांजरींच्या अनाथालयाला, तर? लोकोपयोगी संशोधन सरकारनं करायला हवं, ते वारसदारांच्या लहरीवर सोडायचं हे मला पटत नाही. आणि वारसा कराबद्दल तुम्ही असं लिहिलंय जणू सरकारनं बाईला लुबाडलं. कर भरूनही एवढं उरलंच ना?

खिडकीची_जागा

@रिकामा_डबा लुबाडलं असं नाही म्हटलं हो, पाच वर्षं वाया गेली एवढंच. बाकी सरकारनं करायला हवं हे तत्त्व मान्य, पण कुठलं सरकार? १९५९ च्या डिसेंबरात, म्हणजे गोळी तयार होऊन परवानगीची वाट बघत होती तेव्हा, खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर पत्रकारांना सांगत होते की संततिनियमन हा सरकारनं हात घालायचा विषयच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथं हे संशोधन चाललं होतं, तिथं गर्भनिरोधक देणं हा गुन्हा होता आणि अविवाहितांना ते कायद्यानं मिळायला १९७२ उजाडलं. सरकारी पैशाची वाट बघितली असती तर कधी आली असती देव जाणे.

रिकामा_डबा

ओके, हा मुद्दा घेतो. पण मग आपलं सरकार पुढं होतं म्हणायचं, १९५२ मध्येच कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत पहिलाच देश.

जुना_अंक

नमस्कार. धागा वाचून र. धों. कर्व्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. १९२१ च्या सुमारास त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं, म्हणजे तुमच्या सँगरबाईंच्या त्या दवाखान्याच्याही आधी. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सुटली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले आणि दंड भरला. मूल नको हा निर्णय त्यांनी स्वतःच्या संसारातही पाळला. आणि पैसा? मासिक तोट्यात, घर कसंबसं चाललेलं, अंक स्वतःच बांधायचे.

कर्वे गेले १४ ऑक्टोबर १९५३ ला. मॅककॉर्मिकबाई प्रयोगशाळेत जाऊन आल्या त्याला चार महिने झाले होते. त्या रकमेचा शंभरावा भाग जरी कुणी गिरगावात दिला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही. आपल्याकडं धर्मशाळेला, देवळाला, फार तर शाळेला देणारे शेटजी तेव्हा थोडे नव्हते.

आणखी एक. १९३५ च्या डिसेंबरात सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. दोन दिवस बोलणी झाली, गांधीजी ब्रह्मचर्यावरून हलले नाहीत. नंतर १९५२ मध्ये मुंबईतच कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, धन्वंती रामा राव यांच्या पुढाकारानं, तिलाही सँगर हजर होत्या, तिथूनच आंतरराष्ट्रीय फेडरेशन जन्मलं. म्हणजे मुंबईहून परतल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात मॅककॉर्मिकबाईंना घेऊन पिंकसकडं गेल्या.

खिडकीची_जागा

@जुना_अंक काका, ही तारखांची जुळणी माझ्या लक्षातच आली नव्हती. फार मोलाचा प्रतिसाद.

प्रसूतीपक्ष

डॉक्टर आहे, स्त्रीरोग. थोडं शास्त्र, बाजूच्या धाग्यावरच्या भांडणालाही उपयोगी पडेल. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं म्हणून नवीन बीजांड सुटत नाही, गोळी शरीराला तसाच इशारा देते. अडचण अशी होती की नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतलं तर फार मोठा डोस लागायचा आणि ते सोन्याच्या भावानं मिळायचं. मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून स्टेरॉइड बनवायची युक्ती सापडल्यावर स्वस्त झालं, मग सिंटेक्स कंपनीत जेरासीच्या गटानं आणि सर्लमध्ये कोल्टननं तोंडावाटे चालणारी कृत्रिम रूपं (प्रोजेस्टिन) बनवली. म्हणजे रेणू यांचे, गोळी म्हणून वापरायची कल्पना आणि प्रयोग पिंकस-चांग-रॉक यांचे. भांडण मिटलं का? 🙂

रॉक हा रोज चर्चला जाणारा कॅथलिक, मूल होत नाही अशा बायकांवर उपचार करणारा. १९५४ मध्ये त्यानं ५० बायकांवर पहिली चाचणी घेतली ती कागदोपत्री वंध्यत्वाचा अभ्यास म्हणून, कारण कायदा. गंमत म्हणजे सुरुवातीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची भेसळ चुकून राहिली होती, ती काढली तर मधेच रक्तस्राव व्हायला लागला, म्हणून मुद्दाम परत घातली. पहिली गोळी एनोव्हिड, त्यात प्रोजेस्टिन १० मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेन ०.१५. आता सरकारी माला-एन घ्या, प्रोजेस्टिन ०.१५ आणि इस्ट्रोजेन ०.०३. औषधं वेगळी आहेत त्यामुळं आकडे सरळ भागायचे नाहीत, पण केवढा मारा होता याची कल्पना यावी. १९५७ मध्ये एनोव्हिडला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी, गर्भधारणा टळेल असा इशारा छापून. लगेच अमेरिकेत पाळीच्या तक्रारी असलेल्या बायका लाखांत निघाल्या!

उलटतपासणी

सगळे आरती ओवाळताय म्हणून मला लिहावं लागतंय. ५० बायकांवरून थेट बाजारात नाही गेली गोळी. १९५६ मध्ये मोठी चाचणी कुठं झाली? प्वेर्तो रिकोत, रिओ पिएद्रासच्या सरकारी वसाहतीत. गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्या बायका. त्यांना सांगितलं की ही गर्भ राहू न देणारी गोळी आहे, पण हे प्रयोगाच्या अवस्थेतलं औषध आहे हे सांगितलं नाही. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी स्वच्छ कळवलं की सुमारे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होतेय आणि सरसकट वापरायला हे दुष्परिणाम जास्त आहेत. पिंकसनं ते मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं. त्याच बेटावर नसबंदी एवढी झाली होती की १९६५ च्या पाहणीत मुलं असलेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश निघाल्या. आणीबाणी बघितलेल्या देशाला हे वेगळं समजवायला नको.

आणि तुमच्या कॅथरीनबाई? चाचणीला बायका मिळेनात तेव्हा त्यांनी सँगरला पत्रात लिहिलं की बीजांड सुटणाऱ्या बायकांचा 'पिंजरा' कुठून मिळवायचा. पिंजरा. वर धागाकर्तीनं झुडपाआडच्या दुर्बिणीचं लिहिलंय, आता हेही ऐका, पिंकसनं वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या रुग्णांवरही गोळ्या देऊन बघितल्या. संमतीचा प्रश्नच नाही. जिचा नवरा चाळीस वर्षं वेड लागून बंदिस्त होता तिच्या पैशातून हे झालं.

मटकी_उसळ

हे माहीत नव्हतं. वाचून पोटात गोळा आला.

खिडकीची_जागा

@उलटतपासणी यातलं काहीही खोडून काढायचं नाहीये मला, बरं झालं लिहिलंत. पिंजऱ्याचं पत्र मी वाचलंय आणि मुद्दाम टाळलं नव्हतं, पहिली पोस्ट तिथवर पोचलीच नाही. काळच तसा होता असं म्हणून सोडवायचंही नाही कारण त्याच काळात राइस-रे बाईंना कळत होतं की हे बरोबर नाही, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर माणसाच्या संमतीची नियमावलीही लिहून झाली होती.

मला वाटतं तिची घाई समजून घेता येते, माफ करावी की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. ऐंशीची बाई, हातात पैसा आता आलाय, आयुष्यभर डॉक्टर लोक 'थांबा, बघू' म्हणत आलेत. जो हट्ट प्रयोगशाळेला ढकलत होता तोच हट्ट रिओ पिएद्रासच्या बायकांच्या डोकेदुखीकडं बघत नव्हता. पैसे देणाऱ्याला सगळं कळत असलं की त्याला विचारणारं कुणी उरत नाही, हा धोका पहिल्या पोस्टमध्ये यायला हवा होता हे खरं.

रिकामा_डबा

हेच मी वर म्हणत होतो! सरकार असतं तर निदान कुणाला तरी जाब विचारता आला असता.

उलटतपासणी

@रिकामा_डबा अमेरिकेच्याच सरकारी आरोग्य खात्यानं टस्कीगीत काळ्या माणसांना सिफिलिसवर उपचार न देता १९३२ पासून ४० वर्षं नुसतं बघत ठेवलं. तेव्हा सरकार आलं की जाब आला असं काही नाही.

चार्ल्सकाठची

मी एमआयटीला होते, मॅककॉर्मिक हॉलमध्येच राहिले, म्हणून बाईचं हे दुसरं दान सांगते. १९५० च्या दशकात तिथं मुली मूठभरच, कारण राहायला जागा नाही म्हणून घेत नसत. मुलींचं छोटं वसतिगृह नदीपलीकडं बोस्टनमध्ये, थंडीत वारं अंगावर घेत पूल ओलांडून यायचं. ही आधी त्या मुलींच्या टॅक्सीचं भाडं द्यायची. मग म्हणाली असं टॅक्सीनं किती दिवस भागणार, आणि कॅम्पसवर नदीच्या काठाला अख्खी इमारत बांधून दिली. १९६३ मध्ये पहिला टॉवर, १९६८ मध्ये दुसरा, तो पुरा व्हायच्या आत ती गेली. एमआयटीला मुली नकोतच अशी कुजबुज चालू असताना या इमारतीमुळं 'जागा नाही' हे कारणच संपलं.

नाव बघा, स्टॅन्ली मॅककॉर्मिक हॉल. आम्ही सगळ्या नुसतं मॅककॉर्मिक म्हणायचो आणि मला दोन वर्षं वाटत होतं की बाईचंच नाव दिलंय. मुलींच्या हॉस्टेलला त्या माणसाचं नाव, ज्याला बायका दिसू द्यायच्या नाहीत असा डॉक्टरांचा हुकूम होता. यावर काय बोलायचं मला अजून सुचलेलं नाही.

बांधावरचा

ताई तिथली मेस कशी होती? पोरगी बारावीला आहे, स्वप्नं मोठी आहेत तिची.

चार्ल्सकाठची

@बांधावरचा मेस ठीकठाक, वरणभात स्वतः शिजवायचा. व्यनि करा, अर्जाचं, शिष्यवृत्तीचं सगळं सांगते.

खिडकीची_जागा

मृत्युपत्राचं राहिलं होतं ते लिहिते. प्लॅन्ड पॅरेंटहूडला ५० लाख डॉलर, स्टॅनफर्डच्या मेडिकल स्कूलला बायका डॉक्टर व्हाव्यात म्हणून ५० लाख, वूस्टर फाउंडेशनला १० लाख. सँटा बार्बराच्या कलासंग्रहालयाला चित्रं. प्रांजांचा वाडा तिनं हयातीतच अमेरिकन सरकारला देऊन टाकला होता.

जुना_अंक

बायकांनी डॉक्टर व्हावं म्हणून ५० लाख, हे वाचून बरं वाटलं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या तेव्हा ही मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल.

प्रसूतीपक्ष

उलटतपासणींनी काढलेला विषय अर्धा राहिलाय. दुष्परिणामांचं पुढं काय झालं, तर १९६० च्या दशकात रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात यांच्या नोंदी यायला लागल्या, कंपनी आणि बरेच डॉक्टर कानावर हात ठेवून. १९७० च्या जानेवारीत सेनेटर नेल्सन यांनी वॉशिंग्टनला सुनावणी लावली. साक्षीला डॉक्टर, शास्त्रज्ञ, बहुतेक पुरुष, आणि गोळी घेणारी एकही बाई नाही. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायका उठून ओरडायला लागल्या की आमच्यावर प्रयोग का, आम्हाला कुणी विचारलं का. कॅमेरे होतेच, देशभर दिसलं. त्यातून दोन गोष्टी झाल्या, डोस उतरत गेले आणि प्रत्येक पाकिटात धोके सांगणारं पत्रक घालणं सक्तीचं झालं. औषधाबरोबर रुग्णाच्या हातात माहिती द्यायची ही पद्धत तिथं रुजायला मोठा हातभार त्या आरडाओरड्याचा. माझ्या ओपीडीत अजूनही मी बायकांना विचारते, पायात दुखतं का, डोकं ठणकतं का, सिगरेट ओढता का, बीपी किती, वय ३५ च्या पुढं आहे का. हे सगळे प्रश्न त्या नोंदींतून आलेत.

उलटतपासणी

@प्रसूतीपक्ष धन्यवाद, हे हवंच होतं. फक्त रिओ पिएद्रासच्या बायका त्या सुनावणीलाही नव्हत्या, हे माझ्याकडून जोडून ठेवा.

रिकामा_डबा

डॉक्टर, एक शंका. पुरुषांची गोळी का नाही आली मग एवढ्या वर्षांत? पिंकसनं प्रयत्न केला होता का?

प्रसूतीपक्ष

केला होता, त्याच मनोरुग्णालयातल्या पुरुषांना देऊन बघितली होती. पण मॅककॉर्मिकबाईंना आणि सँगरना त्यात काडीचा रस नव्हता, ताबा बाईच्याच हातात हवा यावर दोघी ठाम. त्यापुढची कहाणी मोठी आहे, रविवारी ड्युटी नसली तर वेगळा धागा काढते.